नकाशाच्या फळीला पाडलेलं भोक

४ मार्च

वरती काय लिहायचं यात तीन कागद फुकट गेले. 'प्रिय' लिहिलं तर तू पुढचं वाचणार नाहीस, आणि काहीच लिहिलं नाही तर दुकानदाराने गिऱ्हाइकाला लिहिल्यासारखं दिसतं. मग तसंच समज. हे दुकानातून आलेलं पत्र आहे.

फोनवर तू मला बंद करून ठेवलंयस. मेलही तुझ्यापर्यंत पोचत नसणार. पोस्टमनला अजून बंद केलेलं नाहीस, म्हणून हा कागद. पत्ता कॉलेजच्या ऑफिसातून मिळाला.

काम असं आहे. शनिवारी एक वयस्कर गृहस्थ आमच्या दुकानात आले. दुकान म्हणजे मोटर रिवाइंडिंगचं. पंपाच्या, पंख्याच्या, मिक्सरच्या जळलेल्या मोटारी येतात, आम्ही आतली काळी पडलेली तांब्याची तार काढतो आणि नवी गुंडाळतो. वर्ष झालं, मी इथेच आहे. तर त्या गृहस्थांच्या काखेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते तान्ह्या बाळासारखं टेबलावर ठेवलं आणि चादर सोडली. आत लॅपटॉप. झाकणाच्या कोपऱ्यात अर्धवट खरवडलेला पिवळा स्टिकर. तो स्टिकर तू लायब्ररीत बसून नखाने खरवडत होतीस तेव्हा मी समोरच्या खुर्चीत होतो. ओळखायला मला दुसरं काही लागलं नाही.

आमचे मिस्त्री म्हणाले, "काका, आम्ही मोटारी बघतो. हे नाही बघत."

"काय?"

"मोटारी, मोटारी बघतो आम्ही."

"मग ह्यात पंखा आहे ना? पंख्याला मोटर असते. म्हणजे तुमचंच काम."

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. "कॉलेजकुमार, या पुढे. तुमच्या शाळेतलं यंत्र आलंय." शिक्षण अर्धं टाकून आलेल्याला ते याच नावाने हाक मारतात. त्यांच्या मते अर्धा शिकलेला माणूस आणि अर्धी गुंडाळलेली मोटर, दोन्ही सारख्याच धोकादायक.

तुझे बाबा म्हणाले, "मुलगी बाहेरगावी असते. फोनवर मला ऐकू येत नाही. ह्यात तोंड मोठं दिसतं, ओठांवरून कळतं. रोज सहाला बोलतो. अकरा मिनिटं झाली की हा मरतो. घड्याळ लावून बघितलंय मी."

मी उघडला. आत धुळीची गादी झाली होती, ती काढली. पण आतला पंखाच झिजलाय, आणि या मॉडेलचा सुटा पंखा आता मिळत नाही. तेव्हा खालून हवा देणारं एक स्टँड घरच्या घरी करायचं ठरवलंय. मी कोण ते त्यांना सांगितलेलं नाही. 'दुकानातला मुलगा' एवढंच त्यांना माहीत आहे आणि तेवढंच राहील.

तुला विचारायचं एवढंच की, तुझ्याकडे असताना तो कधी उघडला होता का? आतली उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलली होती का? हो की नाही, एका शब्दाचं उत्तर पुरे. त्या दिवसाबद्दल, त्या कपाबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही. लिहिलंय का? नाही ना.

— दुकानातला


१२ मार्च

'हो' नाही, 'नाही' नाही. काहीच आलं नाही तुझ्याकडून. हरकत नाही, पेस्ट मीच बदलली.

स्टँड झालं. कसं झालं ते सांगतो, म्हणजे तुला कळेल की तुझे बाबा काय चीज आहेत. तुला माहीतच असणार, पण मला नव्हतं.

पंखा मी दुकानातल्या भंगारातून आणला, एका मेलेल्या कॉम्प्युटरच्या डब्यातला, तळहाताएवढा. वीज द्यायला तुमच्याकडच्या जुन्या राउटरचा अडॅप्टर निघाला, तो बारा व्होल्टचा, पंखाही बाराचा. बोट जाऊ नये म्हणून वरून जाळी हवी होती. काकांनी स्वयंपाकघरातून पिठाची चाळणी आणली आणि म्हणाले, "मी कुठे रोज पीठ चाळतो." पंख्याची थरथर लाकडात जाऊ नये म्हणून रबर पाहिजे होतं, ते त्यांच्या जुन्या स्लिपरचं कापलं. डाव्या पायाच्या. उजवी अजून चांगली आहे म्हणून ठेवलीय त्यांनी. कशासाठी, ते त्यांनाच ठाऊक.

राहिली फळी. मी म्हटलं, दुकानातून प्लायचा तुकडा आणतो. ते आत गेले आणि कपाटामागून त्यांचा ड्रॉइंग बोर्ड ओढत आणला. चाळीस वर्षं त्यावर त्यांनी नकाशे काढले. कडा हातांनी गुळगुळीत झाल्यात, वर टाचण्यांची भोकं, पूर्ण पालथं तारांगण. म्हणाले, "ह्याला मागून पाय आहेत, उतार आपोआप मिळेल. काप."

मी म्हटलं, "काका, हा कापायचा?"

"काय?"

"हा. कापायचा. बोर्ड."

"मग काय, मढवायचा? काढ पेन्सिल. गोल मी काढून देतो, तुझा गोल बघवणार नाही."

आणि कंपास घेऊन त्यांनी असा गोल काढला की हात एकदाही अडखळला नाही. एरवी चहाचा कप धरताना त्यांच्या बशीचा आवाज होतो, तुला माहीत आहे. मी करवत चालवली तेव्हा ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. भुसा पडला तो त्यांनीच झाडून घेतला.

पंखा मी आमच्या धंद्याच्या पद्धतीने बसवलाय. दुकानाच्या भिंतीत असतो तसा, आतली गरम हवा ओढून बाहेर फेकणारा. उष्णता ही ओढूनच काढावी लागते, हे वर्षभरात शिकलो. पहिल्या दिवशी नऊच मिनिटं चालला. दुसऱ्या दिवशी आठ. नवीन वस्तूला अंगवळणी पडायला वेळ लागतो. मी रोज जाऊन स्क्रू घट्ट करतो, कोन बदलतो. तुमचं बोलणं सुरू व्हायच्या आत निघतो.

केस कापलेस ते चांगले दिसतात. असं काका म्हणाले.

लिहिणार नव्हतो, पण लिहितो. मी जे केलं ते तुझ्यासाठी केलं. सरांनी तुझा प्रोजेक्ट उचलून भाच्याच्या नावावर लावला, सगळ्या वर्गाला दिसत होतं आणि सगळे माना खाली घालून बसले होते. कुणीतरी जायला हवं होतं. मी गेलो. कप मी भिंतीवर मारला, सरांवर नाही. फीची पावती फाडून त्यांच्या टेबलावर ठेवली आणि निघून आलो. परत पायरी चढलो नाही. माझं अख्खं शिक्षण मी तुझ्यावरून ओवाळून टाकलं आणि तू गेटवर उभी राहून विचारलंस, "मी तुला सांगितलं होतं का?" एवढंच. वर्ष झालं, मी त्याला काय उत्तर द्यायचं ते शोधतोय.

— दुकानातला


२० मार्च

आता दुकानातला म्हणून लिहीत नाही. कुकर म्हणूनच लिहितो. तूच ठेवलं होतंस ना नाव? "ह्याला तीन शिट्ट्या झाल्याशिवाय उतरवता येत नाही." पहिली शिट्टी झाली असं समज.

तू काकांना फोन का करत नाहीस?

चार दिवस झाले. सहा वाजता ते लॅपटॉप उघडतात, चष्मा पुसतात, शर्टाचं वरचं बटण लावतात आणि बसतात. सात वाजता झाकण मिटतात. मध्ये काही होत नाही. मी म्हटलं, तुम्हीच लावा. म्हणाले, "तिने लावायचा असतो. ती लावते." मग मोबाईलवर आलेला तुझा निरोप मला दाखवला. 'मिटलंत ना पुन्हा तोंडावर. समजलं मला.' म्हणाले, "हे कशाबद्दल आहे?" मी म्हटलं, त्यांना लिहून विचारा. तर म्हणतात, "मी मिटलं नाही, हे पोटच्या पोरीला लिहून द्यायचं? सहीशिक्क्यानिशी?"

हट्टात तुम्ही दोघं एकाच साच्यातून निघालात.

माहीत आहे, सहा महिन्यांपूर्वी तू आता तिकडेच राहणार म्हणालीस तेव्हा त्यांनी रागाने झाकण मिटलं होतं. पुन्हा असं केलंत तर मी फोन करणार नाही, असं तू तेव्हा म्हणाली होतीस, हेही माहीत आहे. त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांना लाज वाटत होती. पण या वेळी त्यांनी बोटसुद्धा लावलं नाही. लॅपटॉप तापून आपोआप बंद पडला. यंत्र आहे ते, त्याला तुझ्या घरातलं राजकारण कळत नाही. तू "याल ना?" विचारलंस आणि नेमका त्याच क्षणी पडदा काळा झाला, यात त्यांचा काय दोष? एका पडद्यावरून तू माणसाला फाशी देतेस. मलाही दिलीस, पण माझं सोड, मी त्या लायकीचा असेन. ते नाहीत.

आज फोन कर. उद्या नको, आज. हे पत्र मिळेल तो आज.


२६ मार्च

तुझं पाकीट आलं. वर्षाने तुझं अक्षर बघितलं. दुकानात सगळ्यांसमोर उघडलं आणि आत एकच ओळ. 'मी "याल ना" विचारलं, हे तुला कोणी सांगितलं?'

बाबांनी मला सांगितलं असतं, तर तू काय विचारलंस ते त्यांना कळलेलं असतं, आणि कळलं असतं तर ते गप्प बसले नसते. तू हा हिशोब क्षणात केला असणार. माझ्या लक्षातही आलं नाही. चिडून लिहिलं की असंच होतं, स्वतःच्याच तोंडाने अडकतो.

तर सगळं सांगतो. क्रमाने सांगतो, मध्ये थांबलो तर पुन्हा सजवायला लागेन.

मी खोलीत होतो. एक दिवस नाही, नऊ दिवस. खिडकीजवळची वेताची खुर्ची लॅपटॉपच्या मागच्या बाजूला येते, कॅमेऱ्यात दिसत नाही. पहिल्या दिवशी खरंच तापतोय का ते बघायला थांबलो होतो, शपथ. मग तुझा आवाज आला. "बाबा, आज पंख्याचा आवाज कसला येतोय?" त्यानंतर मला उठताच आलं नाही. दुसऱ्या दिवशी काकाच म्हणाले, "बस रे, आमचं काय गुपित आहे?" आणि त्यांना एखादा शब्द ओठांवरून कळला नाही की माझ्याकडे वळून विचारायचे, "काय म्हणाली?" मी त्यांच्याकडे तोंड करून सावकाश सांगायचो. 'गोळ्या घेतल्यात का म्हणतेय.' 'पावसात छत्री विसरली म्हणतेय.' 'घरमालकीण खडूस आहे म्हणतेय.' तू म्हणायचीस, मी पोचवायचो. वर्षभरात मला तुझं एक वाक्य मिळालं नव्हतं आणि आता रोज दहा-बारा माझ्या तोंडून जात होती. लबाडी होती, कळत होतं. पण ते मिळत होतं आणि मी घेत होतो. पत्ताही कॉलेजातून नाही मिळाला. तू पाठवलेल्या स्वेटरच्या खोक्यावर होता.

आता त्याच्याहून वाईट.

चौदा तारखेला दुकानात मिस्त्री सहज म्हणाले, "त्या काकांचं यंत्र सुधारलं का?" म्हटलं, नाही, उलट लवकर बंद पडतंय, आता सातच मिनिटं. त्यांनी हातातली मोटर खाली ठेवली. "पंख्याची दिशा कुठे आहे?" म्हटलं, खाली. गरम हवा ओढतो. ते म्हणाले, "अरे गाढवा, त्या यंत्राचं नाक पोटाखाली आहे. ते बिचारं खालून हवा घेऊन बाजूने सोडतं. तू त्याच्या नाकाला पंखा लावून त्याचाच श्वास ओढून घेतोयस. भिंतीतल्या पंख्याचा कायदा सगळीकडे लावतोस होय?" आणि पंख्याच्या अंगावरचा बारीक बाण दाखवला. तो मी बघितलाच नव्हता. चार स्क्रू काढायचे, पंखा पालथा करायचा, चार स्क्रू लावायचे. दहा मिनिटांचं काम.

मी केलं नाही.

चौदाला केलं नाही, पंधराला केलं नाही. संध्याकाळी तुमच्या घरी गेलो, स्क्रू हातात घेतला, परत ठेवला. कारण एकदा नीट चाललं की दुकानातल्या मुलाचं तिथे काय काम? काकांनी "बरं झालं हो" म्हणून दारापर्यंत सोडलं असतं, आणि सहा वाजता त्या खोलीत मी नसतो. दोन दिवस अजून, एवढंच मी मनाशी म्हणत होतो. सोळाला करणार होतो.

सोळाला तू म्हणालीस, "बाबा, एक सांगायचंय." काकांचा चष्मा घामाने घसरला होता, तो काढून ते पुसत होते. तू थांबली नाहीस, एका दमात बोललीस, पाठ करून आल्यासारखं. "आमच्या ऑफिसात एक आहेत, पुलांची तपासणी करतात. मी सांगत होते ना, ज्यांनी मला ताप असताना दवाखान्यात नेलं, ते. आम्ही पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला रजिस्टर लग्न करतोय. तुम्ही रागावणार नाही ना? याल ना?"

आणि काळं झालं. रोजची सात मिनिटंही झाली नव्हती, म्हणून तुला ते तापणं वाटलं नसणार.

काकांनी चष्मा चढवला तेव्हा समोर काही नव्हतं. माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणाली शेवटी?"

मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "नीट ऐकू आलं नाही."

एवढंच वाक्य. तेव्हा ते माझ्या तोंडून आपोआप आलं असं मी दहा दिवस स्वतःला सांगतोय. आपोआप नव्हतं. मला वाटलं, मी पोचवलं नाही तर ते झालेलंच नाही. नऊ दिवस तुझं प्रत्येक वाक्य पोचवलं, छत्रीसुद्धा पोचवली, आणि जे एक पोचवायचं होतं ते गिळून बसलो. त्यांना वाटतंय मुलगी विनाकारण रुसली. तुला वाटतंय बापाने लग्नाला येता का विचारल्यावर झाकण मिटलं. मध्ये मी बसलोय, खिडकीजवळ.

कप मी तुझ्यासाठी फेकला नव्हता. तुझा लेखी अर्ज वर गेला होता, दोन मॅडम तुझ्या बाजूने होत्या, आठवड्यात निकाल लागणार होता. तू मला सांगितलं होतंस, "आठ दिवस तोंड बंद ठेव." आठ दिवस तोंड बंद ठेवलं असतं तर माझ्याकडे कुणी बघितलं नसतं, म्हणून मी गेलो. मग त्यांनी तुझा अर्ज 'गुंडगिरी' म्हणून बाजूला टाकला, तुझं वर्ष गेलं आणि तू गाव सोडलंस. गेटवर तू विचारलेल्याचं उत्तर 'नाही' हेच होतं. दोन अक्षरं शोधायला मला वर्ष लागलं, यावरून माझं शिक्षण किती झालंय ते बघ.

साडेचार वाजलेत. आता जाऊन काकांना सांगतो. बारा तारखेला सतरा दिवस आहेत. हे पत्र तुला तीन दिवसांनी मिळेल, पण त्यांनी तीन दिवस थांबायची गरज नाही.


२८ मार्च

सांगितलं.

मला वाटलं होतं, मान खाली घालून भडाभडा ओकून टाकावं आणि पळावं. बहिऱ्या माणसाला तसं कबूल करता येत नाही. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "इकडे बघून सांग." मी सांगितलं. "'ऑफिसात'च्या पुढचं कळलं नाही. परत." परत सांगितलं. "पूल काय?" पुलांची तपासणी करतात. "कोण करतं?" ज्यांच्याशी ती लग्न करतेय ते. "कधी?" बारा तारखेला. "आणि शेवटी?"

"शेवटी तिने विचारलं, तुम्ही रागावणार नाही ना, याल ना."

हे मला त्यांच्यासमोर चार वेळा म्हणावं लागलं. त्यांना तिसऱ्यांदाच कळलं होतं असं मला वाटतं. चौथ्यांदा त्यांना ते ऐकायचं होतं म्हणून म्हणायला लावलं. ओठ हलवून माझ्याबरोबर म्हणत होते, 'याल ना'.

मग पंख्याचं सांगितलं. मग मी कोण ते. ते म्हणाले, "कुकर तो तू?"

मी मान हलवली.

"ती हसून सांगायची तुझ्याबद्दल. मग एक दिवस रडून सांगितलं." त्यांनी कोपऱ्यातली काठी हातात घेतली. "मी तुला काठीने मारायला हवं. पण काठी घेऊन मी चालतो, तुला मारताना पडेन."

मी म्हटलं, "काका, मारा. मी धरतो तुम्हाला."

ते हसले नाहीत. म्हणाले, "आधी पंखा उलटा कर."

केला. दहा मिनिटंही लागली नाहीत. त्यांनी चाळणीवर तळहात धरून बघितला, वर हवा लागते का ते. मग शर्टाचं वरचं बटण लावलं. पावणेसहा झाले होते. म्हणाले, "आता तू जा. आज मी लावणार आहे."

मी दारात चपला घालेपर्यंत त्यांनी लावला होता. रिंग वाजत होती. तू उचललास की नाही, हे मला माहीत नाही. जिन्यावर थांबलो असतो तर कळलं असतं. थांबलो नाही. हे मी फुशारकीने लिहीत नाही, पाय थांबायला बघत होते.


६ एप्रिल

हा कागद पोस्टाने येत नाहीये. काका बारा तारखेला येताना हातात देतील. ते काल दुकानात आले, मिस्त्रींना म्हणाले, "ह्याला पाच मिनिटं सोडा." मला म्हणाले, तुझा निरोप आहे की यापुढे पत्र लिहायचं नाही. मी म्हटलं, बरं. मग म्हणाले, "एकाची परवानगी मी मागून घेतलीय. स्टँडबद्दल लिही, बाकी काही नको. आणि आधी मी वाचणार. तुझा भरवसा नाही." बरोबर आहे.

तर स्टँडबद्दल.

खालून हवा घेणारा पंखा धूळही घेतो. दर महिन्याला साफ करावा लागेल. काकांना स्क्रू दिसत नाहीत आणि त्यांचा हात हलतो, तेव्हा त्यांच्यावर सोडू नका. शेजारचे कुणी येऊन करतील, किंवा तुम्ही दोघं इथे याल तेव्हा तुझे ते करतील. पूल तपासणाऱ्या माणसाला चार स्क्रू जड जाणार नाहीत.

आधी अडॅप्टर भिंतीतून काढायचा. मग चाळणी उचलायची, ती नुसती अडकवलीय. पंख्याची पाती रंगाच्या मऊ ब्रशने झाडायची. झाडताना एक पातं बोटाने धरून ठेवायचं, कारण फुंकर मारली किंवा ब्रशने जोरात फिरवलं तर मोटर भलत्याच वेगाने फिरते आणि तिचं बेअरिंग जातं. मधला गोल कागद सोलून आत तेलाचा एक थेंब. एकच. शिलाई मशीनचं तेल तुमच्याकडे आहे, तुझ्या आईच्या मशीनच्या खणात. परत लावताना बाण वर. तो दिसत नसेल तर मी शेजारी लाल रंगाने मोठा काढलाय.

रबर दोन वर्षं टिकेल. मग बदलायला लागेल. उजवी स्लिपर कपाटात आहे.

लाकडाला काही करावं लागणार नाही, ते चांगलं आहे.

एवढंच.

(त्यांच्याच खोलीत काकांनी हे वाचलं. दोनदा वाचलं. म्हणाले, "ह्यात तुझं काहीच नाही." मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "खाली जागा उरलीय. लिही काही हवं तर, मी बघत नाही." आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. अजून उभे आहेत. मी पेन धरून बसलोय आणि जे जे सुचतंय ते सगळं माझ्यासाठीचं आहे, म्हणून लिहीत नाही.)